बालमनाचे अर्थकारण

मूल कसे घडते, या प्रश्नाचे एक सोपे उत्तर मध्यमवर्गाने अलीकडे शोधून काढले आहे. शहरोशहरी गर्भसंस्काराचे वर्ग भरतात, त्यांची पुस्तके आणि ध्वनिमुद्रणे विकली जातात, आणि आईने ठरावीक संगीत ऐकले, ठरावीक मंत्र म्हटले की तेजस्वी अपत्य जन्माला येते असे आश्वासन दिले जाते. त्याच सुमारास खानदेशात, जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या शिवारांत, सातवा-आठवा महिना भरलेली स्त्री कापसाच्या ओळीत वाकून बोंडे वेचत असते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. पोटातल्या जिवामुळे हात मंदावला तर तेवढी मजुरी कमी होते. तिच्या पोटातल्या मुलावरही संस्कार होतच असतात. ते कोणते, याची चौकशी मात्र कोणी करीत नाही.

मानवी मनाची जडणघडण हा दवाखान्याचा किंवा अध्यापक महाविद्यालयाचा विषय आहे, राजकीय पक्षाचा त्याच्याशी संबंध नाही, असा समज कार्यकर्त्यांतही रूढ आहे. हा समज सोडला पाहिजे. गेल्या पाऊणशे वर्षांत या शास्त्राने जे शोधून काढले, ते नीट वाचले तर बालकाच्या मनाचा प्रत्येक टप्पा आईच्या मजुरीशी, तिच्या विश्रांतीशी, घरातल्या भाषेशी आणि थोरल्या बहिणीच्या शाळेशी बांधलेला दिसतो. म्हणजेच तो अर्थकारणाचा प्रश्न आहे.

जन्मापूर्वीची विषमता

गर्भाला ऐकू येते, हे खरे आहे. नवजात अर्भक परक्या स्त्रीच्या आवाजापेक्षा स्वतःच्या आईच्या आवाजाला अधिक प्रतिसाद देते, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डिकॅस्पर आणि फायफर यांनी १९८० मध्ये प्रयोगाने दाखवून दिले. परंतु यातून एवढेच सिद्ध होते की शिकणे जन्मापूर्वीच सुरू होते. विशिष्ट मंत्राने बुद्धिमत्ता वाढते, असे यातून सिद्ध होत नाही. गर्भावस्थेत मनाचा पाया ज्या मेंदूत घातला जातो, त्याला लोह, आयोडीन, प्रथिने लागतात. आईला झोप लागते आणि भयमुक्त घर लागते. या गोष्टी ध्वनिमुद्रणातून मिळत नाहीत.

या संदर्भात दुसऱ्या महायुद्धातील एक घटना उद्बोधक आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने पश्चिम हॉलंडची अन्नाची रसद तोडली आणि तेथे भीषण उपासमार झाली. त्या काळात गर्भात असलेल्या मुलांचा पुढे अनेक वर्षे अभ्यास झाला. एकोणिसाव्या वर्षी सैन्यभरतीच्या वेळी घेतलेल्या बुद्धिचाचण्यांत त्यांच्यात उणेपणा आढळला नाही. परंतु उपासमारीच्या ऐन कडाक्यात ज्यांची गर्भधारणा झाली होती, त्यांच्यात छिन्नमनस्कतेचे प्रमाण सुमारे दुप्पट निघाले. या निष्कर्षाकडे खानदेशातून पाहताना एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. डच मातांची उपासमार काही महिन्यांची होती. तिच्या आधी बऱ्यापैकी अन्न होते आणि नंतरही मिळाले. भूमिहीन मजूर स्त्रीची अर्धपोटी अवस्था बालपणी सुरू होते, लग्नानंतर वाढते आणि बाळंतपणातही सुटत नाही. तिला हिवाळ्याची मुदत नसते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांना आणि पाच वर्षांखालील सुमारे ६९ टक्के बालकांना रक्तक्षय असल्याचे आढळले. पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. ही राज्याची सरासरी आहे. त्यात पुण्या-मुंबईची सुस्थित घरे आहेत, तसेच शिरपूर, साक्री, चोपडा, यावल या तालुक्यांतले भिल्ल-पावरा पाडेही आहेत. खुंटलेली उंची ही केवळ शरीराची गोष्ट नाही. ज्या काळात हाडे वाढावयाची राहिली, त्याच काळात मेंदूही वाढत होता.

जन्मापूर्वीच्या विषमतेचा आणखी एक प्रकार जळगाव जिल्ह्याला विशेष लागू आहे. गर्भलिंगपरीक्षेला आळा घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तरीही २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे ८४२ मुली भरल्या. राज्यात याहून वाईट स्थिती जवळपास एकट्या बीडची होती. हा आकडा नेहमी न जन्मलेल्या मुलींच्या संदर्भात सांगितला जातो. जन्मलेल्या मुलींच्या संदर्भातही तो वाचला पाहिजे. आपण घरात नको होतो, ही जाणीव घेऊन जी मुलगी वाढते, तिच्या मनाच्या घडणीचा हिशेब कोणत्याही जनगणनेत येत नाही.

झोळी आणि थोरली बहीण

जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांबद्दल मानसशास्त्राचे म्हणणे स्पष्ट आहे. इंग्रज मनोवैद्य जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला, तेव्हापासून बालकाला एका स्थिर, मायेच्या माणसाची गरज असते हे सर्वमान्य झाले. एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये मांडलेल्या विकासक्रमात पहिली पायरी ‘विश्वास’ ही आहे. आपण रडलो की कोणीतरी येते, भूक लागली की कोणीतरी पाजते, या अनुभवातून जग विश्वासाचे आहे अशी बालकाची खात्री पटते.

या सिद्धांताचा एक दुरुपयोग वेळीच ओळखला पाहिजे. बोल्बींचा आधार घेऊन स्त्रीने घरी बसावे असा उपदेश अनेकांनी केला. आपल्याकडे त्याला ‘आईची माया’ या शब्दांची जोड मिळते आणि मुलाचे जे काही बिघडले, त्याचा दोष आईच्या पदरात टाकता येतो. वास्तविक नंतरच्या संशोधनाने दाखवले की बालकाला प्रेमळ आणि ओळखीच्या माणसांची गरज असते. ती माणसे एकाहून अधिक असली तरी चालतात. म्हणून प्रश्न एवढाच उरतो, की मजूर स्त्रीने रोजगार न गमावता तिच्या मुलाला अशी माणसे दिवसभर कशी मिळावीत?

खानदेशात या प्रश्नाचे आजचे उत्तर आहे शेताच्या बांधावरची झोळी, आणि ती हलवणारी आठ-नऊ वर्षांची बहीण. तान्ह्याला सांभाळणारी ही मुलगी हजेरीपटावर असते, वर्गात नसते. तान्ह्या भावाचे बालपण तिच्या बालपणातून उसने घेतलेले असते. पाळणाघर हा तान्ह्या मुलांचा प्रश्न म्हणून मांडला जातो. तितकाच तो थोरल्या मुलींच्या शाळेचाही प्रश्न आहे. पाळणाघर नाही तेथे मुलींच्या शिक्षणाच्या घोषणा वाऱ्यावर जातात.

कायद्यांत याची सोय नव्हती असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघराची तरतूद झाली. २००५ च्या रोजगार हमी कायद्यातही होती: सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले कामावर आलेल्या स्त्रियांसोबत असतील, तर त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीला मजुरीवर नेमावे. परंतु शेतमजूर स्त्री कारखान्यात नसते, आणि रोजगार हमीच्या कामावर पाळणा हलवणारी नेमलेली बाई पाहिल्याचे फार थोडे मजूर सांगू शकतील. प्रसूतिरजेचीही तीच कथा आहे. २०१७ च्या दुरुस्तीने ती २६ आठवड्यांची झाली, पण ती मिळते संघटित क्षेत्रातील नोकरदार स्त्रीला. शेतमजूर स्त्रीसाठी २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने किमान ६,००० रुपयांचा हक्क मान्य केला. प्रत्यक्षात २०१७ च्या मातृवंदना योजनेने तो पहिल्या अपत्यापुरता ५,००० रुपयांवर आणला, तोही हप्त्यांनी आणि कागदपत्रांच्या अटींवर. एकीला सहा महिने पूर्ण पगार आणि दुसरीला काही आठवड्यांच्या मजुरीएवढी रक्कम, अशी ही विभागणी आहे. दोघींच्या पोटातले मूल मात्र एकाच गतीने वाढत असते.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची स्थिती याहून बिकट आहे. खानदेशातून बारडोलीच्या साखर कारखान्यांवर जाणाऱ्या तोडकऱ्यांचे जीवन डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात सविस्तर नोंदवले. मुकादमाची उचल, जोडप्याचा ‘कोयता’ म्हणून होणारा हिशेब, पाचटाची कोपी, पहाटेपूर्वी सुरू होणारी तोड आणि फडात झोपलेली मुले, हे सर्व तेव्हापासून अभ्यासकांना ठाऊक आहे. बालविकासाच्या भाषेत सांगावयाचे, तर या मुलांना वर्षातले पाच-सहा महिने स्थिर घर नसते, ओळखीची माणसे नसतात, आणि अंगणवाडीच्या पटावरचे त्यांचे नाव गावात राहिलेले असते.

अशा मुलांचे गमावलेले पुन्हा मिळवून देता येते का? येते, असे जमैकाचा अनुभव सांगतो. १९८० च्या दशकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतल्या, वाढ खुंटलेल्या १२९ बालकांवर तेथे एक प्रयोग झाला. साध्या आरोग्यसेविका आठवड्यातून एक तास घरी जात, घरगुती वस्तूंची खेळणी करीत आणि मुलाशी कसे बोलावे, खेळावे हे आईला दाखवीत. असे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनंतर या मुलांची कमाई, ज्यांच्याकडे सेविका गेल्या नव्हत्या त्यांच्यापेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक भरली. ज्यांना केवळ पूरक आहार दिला गेला होता, त्यांच्यात असा दीर्घकालीन फरक दिसला नाही. आपल्याकडे तीन वर्षांखालील मुलांसाठी अंगणवाडीतून मुख्यतः घरी न्यावयाचे आहाराचे पाकीट मिळते. ते आवश्यकच आहे. परंतु पाकीट मुलाशी बोलत नाही.

अंगणवाडीची भाषा

‘अंगणवाडी’ हा शब्द सरकारी कचेरीत जन्मलेला नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी निघाली. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर न्यावी म्हणून कुरणशाळा निघाली. मॉन्टेसरीची महागडी साधने बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, पाने, माती यांची साधने करण्यात आली. श्रीमंतांच्या बालशिक्षणाचे हे खरे समाजवादी रूपांतर होते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा शब्द उचलला गेला. त्यामागील दृष्टी मात्र वाटेत सांडली.

दृष्टी सांडली याची खूण भाषेत दिसते. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की मूल आधी इतरांशी बोलते आणि तेच बोलणे पुढे आत वळून विचार होते. म्हणजे भाषा हे विचाराचे केवळ वाहन नाही, विचार त्यातूनच घडतो. खानदेशातील मुलाच्या घरी अहिराणी असते, लेवा गणबोली असते, सातपुड्यात पावरी किंवा भिल्ली असते. अंगणवाडीच्या आणि शाळेच्या दारात मात्र पुस्तकी मराठी उभी असते. पावरा पाड्यावरचे तीन वर्षांचे मूल पहिल्या दिवशीच मुके होते, आणि शिक्षक त्याच्या नावापुढे ‘प्रतिसाद देत नाही’ असे लिहितात. अहिराणी बोलणारे मूल हसण्याचा विषय होते. एरिक्सन यांच्या क्रमात या वयाच्या पायऱ्या आहेत पुढाकार घेणे आणि पुढे उद्यमशील होणे. त्या चुकल्या की उरतात अपराधीपणा आणि न्यूनगंड. बहिणाबाई चौधरींच्या प्रतिभेचा अभिमान मिरवणाऱ्या जिल्ह्यात तिच्या बोलीत बोलणाऱ्या मुलाला गप्प बसवले जाते, हा विरोधाभास कार्यकर्त्यांना टोचला पाहिजे.

अंगणवाडी चालवते ती सेविका. गरोदर स्त्रियांची नोंद, वजने, आहारवाटप, लसीकरणाला हजेरी, सर्वेक्षणे, मोबाईलवरील माहिती आणि यातून उरलेल्या वेळात बालशिक्षण, असा तिचा दिवस असतो. तिला मिळते ते वेतन नव्हे, ‘मानधन’. सेविका ग्रॅच्युइटीस पात्र आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला. तरीही महाराष्ट्रातील सेविका-मदतनिसांना डिसेंबर २०२३ पासून जवळपास दोन महिने संपावर जावे लागले. मुलांचे संगोपन ही बाईमाणसाची स्वाभाविक सेवा आहे, तिचे मोल कशाला करावयाचे, हा घरातला हिशेब शासनाने जसाच्या तसा उचलला आहे. ज्या कामावर पिढीचे मन उभे राहते, ते काम अर्थसंकल्पात ‘सेवा’ म्हणून स्वस्तात घेतले जाते.

चौदाव्या वर्षी संपणारा हक्क

राज्यघटनेच्या ८६ व्या दुरुस्तीने २००२ मध्ये शिक्षण हा मूलभूत हक्क केला आणि २००९ च्या कायद्याने तो अमलात आणला. हा हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो आणि चौदाव्या वर्षी संपतो. मनाच्या विकासाचे दोन सर्वांत नाजूक काळ, पहिली सहा वर्षे आणि किशोरावस्था, नेमके या कुंपणाबाहेर राहिले आहेत. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनच्या शिक्षणाची भाषा केली खरी; परंतु धोरण म्हणजे हक्क नव्हे. धोरण मोडले म्हणून कोणाला न्यायालयात जाता येत नाही.

किशोरवयात मेंदूची दुसरी मोठी बांधणी होते. भावना तीव्र होतात. त्यांना आवरणारी विवेकाची शक्ती मात्र विशीनंतरही पक्व होत राहते. ‘मी कोण’ हा प्रश्न याच वयात उभा राहतो. त्याचे उत्तर शोधण्यास मुलाला थोडी मोकळीक लागते, समवयस्कांची सोबत लागते, चुका करण्याची मुभा लागते. गरिबाच्या घरात ही मोकळीक परवडत नाही. मुलगा सालदार होतो, सुरतेच्या यंत्रमागावर जातो किंवा कोयत्यावर उभा राहतो. मुलीचे लग्न होते. आखाजीला माहेरी येणाऱ्या लेकींचे खानदेशात मोठे कौतुक असते. त्या लेकींपैकी कितीजणी अजून शाळेच्या वयाच्या आहेत, हे मात्र कोणी मोजत नाही. उपरोक्त पाहणीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षांच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठराव्या वर्षाआधी झालेली होती. बालविवाहबंदीचा २००६ चा कायदा अस्तित्वात असताना हे घडले. ‘मी कोण’ याचे उत्तर अशा मुलीला शोधावे लागत नाही. ते तिच्या गळ्यात बांधले जाते. आणि वर्षभरात तीच रक्तक्षयी किशोरी माता होते, तेव्हा या लेखात सांगितलेला सारा क्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

मुलांविषयीची काळजी कशी भलतीकडे वळते, याचे भयानक उदाहरण धुळे जिल्ह्याने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध भटक्यांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवली जात आहेत, ही भीती मोबाईलवरून गावोगाव पोहोचली. मुकादमाची उचल, लग्नाची घाई आणि बंद पडणारी शाळा या गोष्टी खरोखरच मुलांचे बालपण पळवत असतात, याची बातमी मात्र कोणत्याही मोबाईलवर फिरली नाही.

दोन आक्षेप

या विषयावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला उजवीकडून येतो: मुलांचे संगोपन ही कुटुंबाची बाब आहे, शासनाने त्यात पडू नये. परंतु कुटुंबाच्या हाती वेळ, अन्न आणि निवांतपणा असेल तरच ते संगोपन करू शकते. या तिन्ही गोष्टी मजुरीचा दर आणि कामाचे तास ठरवतात. तेथे कुटुंबाला मोडून काढावयाचे आणि मग संस्काराची जबाबदारी त्याच्यावरच टाकावयाची, हा न्याय नव्हे.

दुसरा आक्षेप डावीकडून येतो आणि तो अधिक गंभीरपणे घेतला पाहिजे. जमीन, मजुरी, पाणी हे मूळ प्रश्न सुटले की बालकांचे प्रश्न आपोआप सुटतील, असे अनेक निष्ठावान कार्यकर्ते मानतात आणि हा विषय महिला आघाडीकडे सोपवून मोकळे होतात. मूळ प्रश्न मूळच आहेत, यात वाद नाही. परंतु जमिनीचा लढा दहा वर्षे लांबला तर जमीन तेथेच असते. दहा वर्षे लांबलेले बालपण परत मिळत नाही. शिवाय दबून, मुके होऊन, न्यूनगंडात वाढलेला माणूस लढ्यात उभा तरी कसा राहणार? आत्मविश्वास ही चळवळीची पहिली पुंजी आहे, आणि ती पहिल्या सहा वर्षांत साठू लागते.

साने गुरुजींनी हे ओळखले होते. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिकवताना त्यांनी छात्रालयातल्या मुलांची कामे स्वतः केली, त्यांच्यासाठी हस्तलिखित दैनिक काढले, १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले. त्याच गुरुजींनी खानदेशात शेतकरी आणि गिरणी कामगारांच्या लढ्यांत स्वतःला झोकून दिले. पोरक्या वाटणाऱ्या किशोराच्या डोक्यावरून हात फिरवणे आणि खंडमाफीसाठी मोर्चा काढणे, ही दोन कामे त्यांना वेगळी वाटली नाहीत. ‘श्यामची आई’ लिहिणाऱ्या गुरुजींचे नुसते अश्रू आठवून चालणार नाही. श्यामच्या आईच्या दारिद्र्याचाही हिशेब मागावा लागेल.

तो हिशेब मागण्याचे काम ग्रामसभेपासून सुरू करता येईल. प्रत्येक गरोदर शेतमजूर स्त्रीला, पहिले अपत्य की तिसरे हे न पाहता, बाळंतपणाच्या आधी व नंतर किमान वेतनाच्या दराने भरपाई मिळावी. वेचणीच्या आणि तोडीच्या हंगामात अंगणवाडी दिवसभराचे पाळणाघर म्हणून चालावी, आणि सेविका-मदतनिसांना मानधनाऐवजी वेतन मिळावे. सहा वर्षांपर्यंत मुलाच्या घरच्या बोलीत, अहिराणीत, पावरीत, भिल्लीत शिकवले जावे. स्थलांतरितांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे तोड सुरू होण्याआधी उघडावीत, नंतर नव्हे. शिक्षणाचा हक्क तिसऱ्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत वाढवावा.

यातले बरेचसे शासनाकडून भांडून घ्यावे लागेल. काही गोष्टींसाठी मात्र शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही. किशोर मुलामुलींसाठी संध्याकाळी एक तास शाखा भरवणे, ग्रंथालयाचे दार उघडे ठेवणे, अल्पवयीन मुलीच्या लग्नाची कुणकुण लागताच तिच्या बापाशी वैर न धरता बोलणे, हे कोणताही कार्यकर्ता आपल्या गावी उद्यापासून करू शकतो. येत्या हंगामात कोयते गाव सोडतील तेव्हा किती मुले बरोबर गेली आणि किती मागे राहिली, एवढी यादी जरी प्रत्येक शाखेने केली, तरी मोर्च्यात मागणी मांडताना तिच्यामागे नावे उभी राहतील.